मुट्टुकाडूपर्यंतचं औषध

मी एक जुना ईजीआर व्हॉल्व्ह आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मी वैतागलेला आहे. तुम्ही माझं नाव ऐकलं नसणार. ज्या घरच्या डिझेल गाडीत मी आठ वर्षं काढली, त्या घरातल्यांनीही ते परवा-परवापर्यंत ऐकलं नव्हतं, तर तुमच्यावर कशाला रागावू?

माझं काम ऐका. इंजिनात डिझेल जळतं आणि त्याचा धूर नळीवाटे बाहेर जायला निघतो. त्यातला थोडासा धूर मी वाटेतून वळवतो आणि पुन्हा इंजिनात सोडतो. वेडेपणा वाटतो ना? पण त्यामुळे आतली धग कमी होते आणि डोळ्यांना न दिसणारे, छातीला बाधणारे वायू कमी तयार होतात. माझ्या पोटात एक छोटी झडप आहे. तिनं दिवसभर उघडायचं आणि मिटायचं, एवढंच. ती नीट चालते तोवर मी कुणाच्या गावीही नसतो. ती अडकली की मात्र सगळे बॉनेटमध्ये डोकं घालून विचारतात, हा कोण आणखी इथे?

माझा जन्म श्रीपेरुंबुदूरकडच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा मी चांगला चकचकीत होतो. तपासणाऱ्या बाईंनी माझी झडप दहा वेळा उघडमीट करून पाहिली, 'सूपर' म्हणाल्या आणि माझ्यावर हिरवा ठिपका लावला. ते माझं पहिलं कौतुक. पुढे इतकी वर्षं दुसरं झालं नाही, म्हणून लक्षात आहे.

माझी गाडी घेतली रत्नाकरने. हा सांगलीचा, बँकेत अधिकारी, बदलीवर चेन्नईला आला आणि पेरुंगुडीत फ्लॅट घेऊन राहिला. घरात बायको विद्युलता आणि आई सुनेत्राबाई. पहिली सहा वर्षं आमची मजेत गेली. पाँडिचेरी काय, कांचीपुरम काय, गाडी सुसाट पळायची, मी तापायचो, आणि अंगावर बसलेली काजळी फारशी टिकायची नाही. कुरकुर करावी असं काही नव्हतंच.

मग दोन वर्षांपूर्वी सुनेत्राबाईंची किडनी निकामी झाली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सातला डायलिसिस. हॉस्पिटल घरापासून अडीच किलोमीटर. रत्नाकरने जाहीर केलं, "गाडी आता फक्त आईसाठी." स्वतः तो बसने बँकेत जाऊ लागला. गाडीसाठी त्यानं जाड कापडाचं कव्हर आणलं. हॉस्पिटलातून आलं की कव्हर, निघायच्या वेळी कव्हर काढा. आईबद्दलच्या त्याच्या मायेला मी नावं ठेवत नाही. पण त्या मायेपायी तो जे करत होता ते बघून मी कपाळाला हात लावला असता, कपाळ आणि हात असते तर.

गाडी चालवायचा कशी, तर आईला गचका बसू नये आणि इंजिनाला ताण पडू नये म्हणून चौथ्या गिअरमध्ये तीसच्या वेगानं. पुढे मेट्रोचं खोदकाम, तिथे दहाच्या. इंजिन धड तापायच्या आत हॉस्पिटल यायचं, गाडी बंद. येताना तेच. अहो, मला ऊब लागते! मी थंड राहिलो की काजळीत इंजिनातल्या तेलाची वाफ मिसळते आणि तळणीच्या कढईच्या पाठीवर बसतो तसला चिकट काळा राप अंगावर चढत जातो. आठवड्यातून तीन दिवस, दोन वर्षं. तुम्हीच हिशेब करा.

आणि वरून थाट बघा. आयुधपूजेला गाडी धुऊन पुसून तिला चंदनाचा टिळा, कुंकू, झेंडूची माळ. चाकांखाली लिंबं ठेवली, कोहळा फोडला, आरती झाली. बॉनेटवर गंध लावलं, पण बॉनेट उघडलं नाही. मी आत काळाठिक्कर पडलेला, आणि बाहेर कापूर जळतोय. त्या दिवशी मला इतका राग आला की झडप मिटता मिटेना. राग कसला, ती अडकलीच होती.

मग पुढ्यातल्या काचेमागे इंजिनाचा पिवळा दिवा लागला. तो माझ्यासाठी लागला होता, मित्रांनो. दोन वर्षांनी कुणीतरी माझी दखल घेतली म्हणून मी हरखलो. रत्नाकरने काय केलं असेल? डॅशबोर्डवरचा छोटा गणपती उचलून बरोबर त्या दिव्यापुढे ठेवला. "गाडी चालतेय ना नीट? मग आईला उगाच घाबरवायला नको," असं विद्युलताला म्हणाला. गणपतीचीही मला दया आली.

गाडी गुरगुरू लागली, काळा धूर सोडू लागली, तेव्हा बँकेतला संजीव सल्ला द्यायला धावला. हा संजीव गाड्यांमधला मोठा जाणकार, असं त्याचं स्वतःचं मत. त्यानं डिझेलच्या टाकीत ओतायचं औषध आणून दिलं. आता मी बसतो धुराच्या वाटेवर आणि औषध जातं टाकीत. माझ्या अंगावर दोन वर्षांचा राप, त्याला त्या औषधाचा थेंबही लागला नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

मग तो मंगळवार आला. रविवारी आणि सोमवारी डायलिसिस नसतं, त्यामुळे मंगळवारी सुनेत्राबाईंच्या अंगात पाणी साठलेलं असतं. पाय सुजतात, दम लागतो. त्या दिवशी तर त्यांना वाक्य पुरं करता येत नव्हतं. आणि मेट्रोच्या खांबाखालच्या सिग्नलला माझी झडप उघडी राहिली ती राहिलीच. इंजिनाला हवेऐवजी धूर, धूर आणि धूर. गाडी दोनदा गचकली आणि बंद पडली. रत्नाकर चावी फिरवत राहिला. मागून हॉर्नचा कल्लोळ. शेवटी विद्युलताने उतरून रिक्षा थांबवली आणि सासूबाईंना धरून आत बसवलं. त्या पोचल्या तोवर त्यांचं मशीन दुसऱ्या पेशंटला लागलं होतं. दीड तास त्या खुर्चीत बसून धापा टाकत राहिल्या, असं नंतर गाडीत बोलणं झालं. चूक माझी नव्हती. तरी मला फार वाईट वाटलं, हेही सांगतो.

गाडी दोरीनं ओढून घरी आणली, तर संजीवकडे तोडगा तयारच होता. "तो ईजीआर बंदच करून टाक. पत्र्याची पट्टी मारायची, विषय संपला. तिरुवल्लिकेणीला कृष्णस्वामी म्हणून मेकॅनिक आहे, घरी येतो. मराठी बोलतो बघ, तंजावरकडची." म्हणजे माझं तोंड कायमचं दाबायचं, आणि गुन्हा काय तर मी काजळी खाल्ली. चला, निदान कुणीतरी माझं नाव तरी घेतलं.

बुधवारी सकाळी कृष्णस्वामी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आले. साठीचे गृहस्थ, कपाळाला विभूती, हातात पत्र्याची पेटी. सुनेत्राबाई हट्टानं लिफ्टनं खाली आल्या आणि वॉचमनच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून बघू लागल्या.

"पट्टी आणलीत ना?" रत्नाकरने विचारलं.

"आणलीं, सार. पण आधीं मज बघूं द्या," कृष्णस्वामी म्हणाले. त्यांनी माझी वायर सोडवली, बोल्ट काढले आणि आठ वर्षांनी मला उजेडात आणलं. रत्नाकर बघतच राहिला. हे लोखंड आहे की कोळसा, असं तो पुटपुटला. मग बाजूचा स्क्रू ड्रायव्हर उचलून माझ्या झडपेत खुपसायला निघाला. कृष्णस्वामींनी त्याचं मनगट धरलं.

"नको, सार. झडप वांकडी होईल. तुम्ही गाडी उदंड हळू चालिवतां काय?"

"जपून चालवतो," रत्नाकर जरा ताठ्यानं म्हणाला.

"तेंच दुखणें, सार."

रत्नाकरचा चेहरा उतरला, पण तो हटला नाही. "हे बघा, साफ केला आणि पुन्हा अडकला तर? काल माझी आई धापा टाकत होती आणि मी रस्त्यात नुसती चावी फिरवत होतो. पुन्हा तसं व्हायला नको. तुम्ही पट्टीच मारा."

"पट्टी मारलीं तर गाडी पळेल. पण विषारी वारें सगळें बाहेर. सिग्नलला बाजूंत उभे असतात, त्यांच्या नाकांत. धर्म नव्हे तें. कायद्यालाही चालत नाहीं."

"मला आईचं बघायचंय," रत्नाकर म्हणाला. कृष्णस्वामींनी पेटीतून पट्टी बाहेर काढली. पट्टी पेटीवर पडली होती, मी तिच्या शेजारी पडलो होतो. माझं काय व्हायचं ते आता व्हायचं होतं.

"रत्नू," सुनेत्राबाई खुर्चीतून म्हणाल्या, "माझं रक्त आठवड्यातून तीनदा धुतात. कुणी कंटाळून म्हणालं का, हिला पट्टी मारून टाका म्हणून? त्या बिचाऱ्याला तू आठ वर्षांत एकदा धुतलं नाहीस."

रत्नाकरने पट्टी उचलून परत पेटीत टाकली. मग त्यानं विचारलं, "धुवायला किती वेळ लागेल?"

दोन तास लागले. कृष्णस्वामींनी माझं विजेचं टोक वर धरलं, त्याला ओल लागू दिली नाही. खालच्या अंगावर फेसाचं औषध मारलं, भिजू दिलं, आणि जुन्या दात घासायच्या ब्रशनं हळूहळू राप काढला. पुन्हा फेस, पुन्हा ब्रश. फडकी काळी झाली. शेवटी बोटानं झडप उघडमीट केली, ती टिकटिक वाजली, आणि ते म्हणाले, "बेस." हे माझं दुसरं कौतुक. नवीन गॅस्केट घालून मला जागेवर बसवलं, यंत्र जोडून दिवा घालवला. रत्नाकरने गणपती उचलून त्याच्या जुन्या जागी ठेवला.

"हें झालें आजचें," कृष्णस्वामी हात पुसत म्हणाले. "आतां औषध ऐका. आठवड्यांत एक दिवस ईसीआरवर, समुद्राकडच्या मोठ्या रस्त्यावर, गाडी पळिवा. अर्धा तास, तिसरा गिअर, साठ. मुट्टुकाडूपर्यंत जाऊन या. साचलेली काजळी पळून जात नाहीं, ती घासावीच लागते. पण साचूं नये म्हणून पळिवायचें. आणि वर्षाला एकदां मज उघडून बघूं द्या."

"काही काम नसताना जायचं? उगाचच?"

"उगीचच, सार."

रविवारी रत्नाकर चावी घेऊन खाली आला, तर सुनेत्राबाई आधीच पुढच्या सीटवर. मांडीवर पर्स, नवी साडी. त्यानं खूप समजावलं, दगदग होईल, ऊन लागेल, तू वर जा. त्या पट्टा लावून समोर बघत बसल्या. शेवटी तो निघाला.

ईसीआरला लागल्यावर त्यानं भीत भीत तिसरा गिअर टाकला आणि साठ गाठला. इंजिन गरजू लागलं. मित्रांनो, दोन वर्षांनी माझ्या अंगात ऊब भरली, झडप कशी झरझर चालू लागली म्हणून सांगू! मी सारा वैताग विसरलो. शेजारी सुनेत्राबाईंनी काच खाली केली. केस उडाले, ते त्यांनी आवरले नाहीत.

मुट्टुकाडूला खाडीच्या पुलापलीकडे त्यानं गाडी कडेला घेतली. समुद्र दिसत होता. त्या म्हणाल्या, "दोन वर्षांत मी हॉस्पिटलच्या फाटकापलीकडे कुठे गेलेच नव्हते रे."

"तुला जपत होतो, आई," रत्नाकर म्हणाला.

"हो रे. कव्हर घालून."

त्यानं चावीवरचा हात काढून घेतला, आणि उतरून तिच्या बाजूचं दार उघडलं.

मित्रांनो, माझं म्हणणं इतकंच. तुमच्या घरातही कुणी काही जपून, झाकून ठेवलं असेल. एकदा झाकण काढा, आत बघा, धुवायचं ते धुवा आणि मग त्याला वापरा. मी अजून चिडका आहे, ते वयानं आलंय, जाणार नाही. गेल्या रविवारी रत्नाकर लोळत पडला होता, तर "गाडीचं औषध चुकवायचं नाही" म्हणून सुनेत्राबाईंनी खालून त्याला फोन लावला. ते जाड कव्हर आता डिकीत घडी घालून असतं. मुट्टुकाडूला पोचलं की रत्नाकर ते वाळूवर अंथरतो, आणि त्यावर त्या बसतात.