घड्याळजींची पितळी पाटी

सूनबाईचा स्टीलचा सिंक मी खाल्ला, असं ती सगळ्यांना सांगत सुटली आहे. मी नाही हो खाल्ला! फेरिक क्लोराइडनं खाल्ला. लोखंडाचं हे मीठ पाण्यात विरघळलं की कोऱ्या चहासारखं तपकिरी दिसतं, आणि तांबं, पितळ, स्टील, समोर येईल ते फस्त करतं. कपड्यावर थेंब उडाला तर तो डाग जन्माचा. वापरलेलं पाणी बाटलीत भरून ठेवायचं असतं, मी एकदाच, अगदी एकदाच, सिंकमध्ये ओतलं. त्याला भोक पडलं यात माझा काय दोष? बरं, असेल थोडा.

तीस वर्षं मी छापखान्यांसाठी तांब्याचे ठसे करते आहे. पत्र्यावर वॉर्निशनं अक्षरं काढायची, ती वाळली की पत्रा या पाण्यात पालथा तरंगत ठेवायचा. उघडा धातू झिजतो, वॉर्निशखालची अक्षरं उठून राहतात. कागदावर सुलट छापून यावीत म्हणून ठशावर ती उलटी काढायची. माझा हात आता झोपेतही उलटाच चालेल.

समोरच्या दुकानातले घड्याळजी सहा वर्षं रोज अकराच्या ठोक्याला माझ्याकडे येतात. "बाई, तुमचं भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय का बघतो," म्हणतात. ते मेलं कधी मागे पडत नाही. मग चहा होतो, तासभर गप्पा होतात. त्यांची बायको, माझे यजमान, दोघंही केव्हाच गेले.

तर परवा आले आणि चहाला हातही न लावता म्हणाले, "दुकान बंद करतोय. लेकीकडे कायमचा राहायला चाललोय. तिच्या दारावर लावायला माझ्या नावाची पाटी करून द्याल? तीन दिवसांनी गाडी आहे."

मला वाईट वाटलं की मी चिडते. "बरं झालं," मी म्हटलं, "अकरा वाजता माझं काम तरी होईल!" त्यांचं तोंड एवढंसं झालं. जिभेला हाड नाही माझ्या.

आज सकाळी पितळ घासून अक्षरं काढायला बसले. रागानं, दुःखानं, काय करतेय याचं भान नव्हतं. घड्याळजी मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ बघत होते, आणि न बोलता निघून गेले. मी पत्रा पाण्यात सोडला. पाऊण तासानं काढला, सोड्याच्या पाण्यात धुतला, वॉर्निश पुसलं.

अगं बाई! सगळं नाव उलटं! अहो, दारावरची पाटी कोणी छापत नाही! तीस वर्षांत असा गाढवपणा केला नव्हता.

संध्याकाळी ते आले तेव्हा मी रबरी हातमोजे घालून वापरलेलं पाणी बाटलीत भरत होते; तशीच उठून पाटी त्यांच्या पुढ्यात टाकली. "घ्या. वाट लावली मी. पितळ आणून नवीन करायला तीन दिवस लागतील, उद्याची गाडी चुकेल. ओरडा."

ते ओरडले नाहीत. चक्क हसू दाबत होते.

"सकाळीच दिसलं होतं मला," ते म्हणाले. "पहिलंच अक्षर उलटं."

"मग तोंडात काय गुळणी धरली होती?"

"बोललो असतो तर पाटी आजच मिळाली असती." मान खाली घालून ते पुटपुटले, "इथून थेट जाऊन तिकीट परत करून आलो, बाई."

साठीची बाई मी, आणि कानापर्यंत लाजले! पाय जमिनीवर ठरेनात.

"तीन दिवसांत नाही होणार पाटी," मी म्हटलं. "पितळ आणायचं, घासायचं... वर्ष तरी लागेल."

"लागू दे. पण मला लेकीच्या दाराला नको ती आता. आणि त्यावर माझ्या एकट्याचं नाव नको."

मी हसायला लागले, मग रडायला लागले, मग दोन्ही एकदम. ओले तपकिरी हातमोजे तसेच डोळ्यांकडे नेत होते, तेवढ्यात सूनबाई आतून धावत आली आणि माझी दोन्ही मनगटं घट्ट धरून किंचाळली, "आई, आधी हात धुवा, मग लग्न करा!"