नाक्यावरचा उलटा फ्लेक्स

साहेब, तुम्ही एका पोरीला चार माणसांदेखत खोटारडी ठरवलंत आणि लगेच शिपायाला चहा सांगितलात. रोज सकाळी तुमची पांढरी गाडी माझ्या समोरून जाते. आधी काच खाली असायची, हल्ली वर असते. म्हणजे माझ्यावर काय लिहिलंय ते तुम्ही वाचलंय. वाचून गप्प बसलाय.

मित्रांनो, सुरुवातीलाच भांडण काढलं, त्याबद्दल रागावू नका. आता रीतीप्रमाणे ओळख करून देतो. मी एक जुना फ्लेक्स आहे. चौक गावच्या नाक्यावर, जुन्या हायवेच्या कडेला, विजेच्या दोन खांबांना बांधलेला. आम्हा फ्लेक्सांचं आयुष्य ते किती? वाढदिवस झाला, उत्सव झाला की उतरवतात. मी दोन वर्षं काढली. माझ्या जातीत याला म्हातारपण म्हणतात.

माझा जन्म चौकातल्या किशोरच्या दुकानात झाला. युनूस गॅरेजवाला ट्रकखाली उताणा पडून नट काढत होता आणि तशातच त्याने किशोरला फोन लावला. सांगितलं एवढंच, की आमच्या फराहची डिप्लोमाला निवड झाली, इंटरनॅशनल हाय, मोठा फ्लेक्स काढ. आणि फोटो पाठवून दिला.

किशोर वाईट माणूस नाही. पण तो इथला माणूस आहे. चौकापासून साजगावपर्यंत कुणालाही विचारा, डिप्लोमा म्हणजे काय. दहावी झाली की पॉलिटेक्निकला जायचं, तीन वर्षं काढायची आणि मग कंपनीत लागायचं. दुसरा अर्थ इथे कुणी ऐकलेला नाही. किशोरला वाटलं, नुसतं डिप्लोमा कसं छापायचं? कशातला डिप्लोमा? बाप गॅरेजवाला, म्हणजे मेकॅनिकलच असणार. युनूसभाई घाईत विसरले असतील. त्याने तयार डिझाईन काढलं. मागे दातेरी चाकं, वर एक विमान, कारण इंटरनॅशनल. आणि फराहच्या ओढणीवर नेमकं बसवलेलं पिवळं हेल्मेट. खाली जाड लाल अक्षरांत: ‘डिप्लोमा इन मेकॅनिकल’.

मशीन माझ्या अंगावरून इकडून तिकडे फिरत होतं, शाईचा वास येत होता, आणि मी मोठ्या आनंदात होतो. मला काय ठाऊक मी काय बोलतोय ते.

गॅरेजसमोर मला उलगडलं तेव्हा फराह तिथे होती. सोळा वर्षांची, बारीक अंगाची, चष्मेवाली. ती माझ्याकडे बघून जागच्या जागी थिजली. मग हळूच म्हणाली, “अब्बा, माझ्या डोक्यावर हे काय हाय?”

“टोपी हाय,” युनूस म्हणाला. “छान दिसते.”

त्या दिवशी मला पहिला धक्का बसला. आपल्या अंगावर जे छापलंय ते खोटं असू शकतं, हे कुठल्याही फ्लेक्सला कुणी सांगत नाही.

किशोरने कान पकडले आणि एक पट्टी छापून आणली. ‘इन मेकॅनिकल’वर त्याने ती गमने चिकटवली. आता वाचता येत होतं: ‘डिप्लोमा इंटरनॅशनल, बारावीसमान’. हेल्मेट राहिलं. ते काढायला अख्खा फोटो बदलावा लागला असता, आणि युनूसला तर ते आवडलंच होतं.

मग माझे चांगले दिवस आले. नाक्यावर टांगला गेलो. खाली सोनुबाईची चहाची टपरी. ट्रकवाले, रिक्षावाले, लोधिवलीहून दूध घेऊन येणारे हिरूआण्णा, सगळे मान वर करून बघत. युनूस दिवसातून दोनदा काही ना काही निमित्त काढून यायचा, चहा सांगायचा आणि माझ्याकडे पाठ करून बसायचा. म्हणजे समोरच्याला मी बरोबर दिसलो पाहिजे. फराह सुट्टीला आली की सोनुबाई हमखास विचारायची, “कितवीला गं तू आता?”

इथे पोरीची चौकशी अशीच होते. नाव नंतर, कितवी आधी. फराहला तेच एका शब्दात सांगता यायचं नाही. ती सांगायची, की मावशी, ही अकरावी-बारावीच आहे, पण जगातल्या पुष्कळ देशांत चालणारी. सोनुबाई सगळं ऐकून घ्यायची आणि विचारायची, “ते झालं. पण कितवी?”

काही महिन्यांनी मला उतरवून गॅरेजमागच्या जुन्या टायरांवर पसरलं. मानाची जागा गेली, पण कान उघडे राहिले. गॅरेजमागेच घर. मी जन्मायच्या आधीची हकिकतही मला तिथेच कळली, कारण बदरुन्निसा, म्हणजे फराहची अम्मी, तीच ती परत परत काढायची.

हकिकत अशी. कर्जतच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एक मोठी निवासी शाळा आहे. मोठ्या शहरांतली पोरं तिथे शिकायला येतात. एक जागा ती शाळा इथल्या आसपासच्या पोरांसाठी फुकट ठेवते. फराहने परीक्षा दिली आणि ती जागा तिला मिळाली. बदरुन्निसाचं म्हणणं सरळ होतं. सगळ्या पोरी खोपोलीला जाऊन अकरावी-बारावी करतात, मावसबहीण तस्लीमपण तिथेच जाते आहे, मग आपलीलाच हे वाकडं कशाला? आणि युनूसने तो वाद एका वाक्यात मिटवला.

“बारावी करून पोरं नाक्यावर उभी ऱ्हातात. डिप्लोमावाला कधी उपाशी ऱ्हात नाय.”

“अब्बा, हा तो डिप्लोमा नाय,” फराह म्हणाली होती. “ही बारावीच हाय, नाव तेवढं डिप्लोमा.”

“असू दे गं. डिप्लोमा तो डिप्लोमा.”

बघा, मित्रांनो. एका पोरीचं आयुष्य एका शब्दाच्या चुकीच्या बाजूने दार उघडून आत गेलं. तिने निवडलं ते समजून उमजून. बापाने होकार दिला तो शब्दावर. तरी दिला, याचं मला आजही कौतुक आहे. पुष्कळ बाप समजूनसुद्धा देत नाहीत.

ती दोन वर्षं तिने कशी काढली ते मी टायरांवरून ऐकलं. सहा विषय, आणि शिवाय एक असा विषय, की आपल्याला जे ठाऊक आहे ते कशावरून ठाऊक आहे. युनूसला हसू आवरेना. म्हणाला, हा तर तुझ्या अम्मीचा विषय, ती रोज हेच विचारते. मग तिला एक लांबलचक निबंध लिहायचा होता, स्वतः शोधून. तिने काय शोधावं? गॅरेजवाले इंजिनचं काळं तेल मागच्या ओढ्यात ओततात, त्या तेलाने ओढ्याकाठच्या मातीत काय होतं ते. पहिला नमुना बापाच्या गॅरेजमागचा. युनूस आठवडाभर फुगून बसला. आठवड्याने कुणाला न सांगता त्याने काळ्या तेलासाठी पिंप आणून ठेवलं. ते पिंप माझ्या शेजारीच आहे. होतं.

निकाल उत्तम लागला. वर्गातली बाकीची पोरं विमानाने पांगली. फराहला विमानात बसायचंच नव्हतं. तिला रसायनशास्त्र शिकायचं होतं, इथेच, जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजात. घरून जाता येईल, आणि ओढाही जवळ राहील. ती एकटी अर्ज द्यायला गेली आणि परत आली. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं होतं, डिप्लोमावाल्यांचा प्रवेश इथे होत नाही, प्रवेश बघणाऱ्या साहेबांना भेटा.

युनूस म्हणाला, मी येतो. आणि मग त्याने जे केलं ते इथलाच बाप करेल. त्याला वाटलं, नुसत्या कागदांनी काय होतं? साहेबाला कळलं पाहिजे, की या पोरीचं अख्ख्या गावाने अभिनंदन केलंय. त्याने मला टायरांवरून ओढून काढलं, अंगणात पसरलं, आणि गाड्या धुवायच्या ब्रशने साबण लावून घासघास घासलं. त्या घासण्यात किशोरची पट्टी सुटली आणि वाहत जाऊन माझ्या पाठीला चिकटली. युनूसने पाहिलं नाही. तो फराहच्या फोटोवरची धूळ काढत होता. वाळल्यावर त्याने छापील बाजू आत घेऊन माझी गुंडाळी केली, सुतळीने बांधली आणि स्कूटरवर आडवा धरला.

मला कळत होतं. पाठीला ती पट्टी टोचत होती. पण फ्लेक्सला तोंड असतं, आवाज नसतो.

केबिनमध्ये साहेबाशिवाय आणखी चौघं बसले होते. फराहने कागद पुढे ठेवले. निकाल, शाळेचा दाखला, आणि ही परीक्षा आपल्याकडच्या बारावीच्या बरोबरीची मानावी असं देशातल्या मोठ्या संस्थेने दिलेलं प्रमाणपत्र. साहेबाने ते प्रमाणपत्र उचललं, वाचलं नाही, आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

“डिप्लोमा म्हणजे दहावीनंतरचा. तुम्ही इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला जा. इथे बारावी लागते.”

फराह म्हणाली, “सर, हीच बारावी आहे.”

“मग बोर्ड कुठलं? आंतरराष्ट्रीय? मग आंतरराष्ट्रीय ठिकाणी जा ना. आमच्या गरीब कॉलेजात कशाला?” चौघं हसले.

तेव्हा युनूस पुढे झाला. त्याने सुतळी सोडली आणि मोठ्या अभिमानाने मला साहेबाच्या टेबलावर उलगडलं. “साहेब, हे बघा. पोरगी साधी नाय. गावानं लावलेला हाय.”

साहेब खुर्चीतून पुढे वाकला. मग साहेबाने बोट ठेवून मोठ्याने वाचलं. “डिप्लोमा इन मेकॅनिकल.” आणि फराहकडे पाहिलं. “हे काय? बाप सांगतोय मेकॅनिकल, मुलगी सांगते बारावी. अहो, फोटोत हेल्मेट घातलंय तिने.”

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ ऊन खाल्लं, पण असा चटका कधी बसला नव्हता. शिक्के मारलेलं प्रमाणपत्र कपाखाली होतं आणि पुरावा कोण? मी. फोनवर अर्धवट ऐकून छापलेला नाक्यावरचा फ्लेक्स. युनूस टेबलावर वाकला. तो त्या लाल अक्षरांकडे बघत होता, जणू ती आत्ताच कुणीतरी छापली होती.

फराहने मला उलटं केलं. पाठीवरून पट्टी सोडवली, परत सरळ केलं आणि ती तिच्या जागी धरली. बरोबर बसली. आजूबाजूचा गमाचा डागसुद्धा जुळला. “सर, छापताना चूक झाली होती. ही पट्टी त्यावर होती.”

साहेब खुर्चीत मागे टेकला. “चिकटवाचिकटवी इथे चालत नाही. पट्टी चिकटवून बारावी करता? मग हे बाकीचे कागदही कुठे चिकटवलेत, सांगा.” आणि शिपायाला चहा सांगितला.

फराह रडली नाही. तिने पट्टी खाली ठेवली आणि विचारलं, “सर, तुम्हाला हे कशावरून ठाऊक?”

“म्हणजे?”

“म्हणजे मी दहावी पास आहे, बारावी पास आहे, की मेकॅनिक आहे? मी कितवी पास, तेवढं सांगा. मी जाते.”

साहेबाने दाराकडे बघून “पुढचे या” म्हटलं. कप उचलून प्रमाणपत्र तिच्याकडे सरकवलं. त्यावर चहाचा गोल डाग पडला होता.

परत येताना फराह स्कूटरवर मागे मला धरून बसली होती. गॅरेजपाशी उतरल्यावर युनूसने मला पेटवायला काडेपेटी काढली. म्हणाला, माझ्यामुळं झालं. फराहने काडेपेटी त्याच्या हातातून घेतली. “नाय अब्बा. तुमी शब्द चुकलात. त्यांनी कागद असून वाचला नाय.”

मग तिने मला अंगणात पालथं घातलं. माझी पाठ कोरी, पांढरी. नंबर प्लेट रंगवायच्या काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश तिने आणला आणि गुडघ्यावर बसून मोठी अक्षरं काढली. मला वाटलं होतं, अम्मी आता बोलणार, की मी सांगत होते खोपोलीला घाला. बदरुन्निसा बोलली ती वेगळंच. म्हणाली, “अक्षर सरळ काढ गं. गाडीतून वाचता आलं पायजे.” आणि नाक्यावर शिडी तिनेच धरली.

आता मी असा टांगलेला आहे. छापील तोंड रस्त्याच्या मागच्या शेताकडे, पाठ हायवेकडे. सोनुबाई गिऱ्हाइकांना वाचून दाखवते. मला टांगून झाल्यावर ती खाली उभी राहिली, वर बघितलं आणि म्हणाली, “बघ, मी दोन वर्षं तेच विचारत होते.” पहिल्यांदाच फराह हसली.

आत्मकथेच्या शेवटी काहीतरी शिकवण द्यायची असते. तर घ्या. मित्रांनो, फ्लेक्स फाटला तर टायरांवर टाका, पिंप झाका, आमची तक्रार नाही. पण माणसाला फ्लेक्सवरून वाचू नका. त्याचा कागद कपाखालून काढा, पुसा, आणि शेवटपर्यंत वाचा.

आणि साहेब, तुम्ही. परवानगी नाही म्हणून मला उतरवायला माणसं येणार आहेत, असं ऐकतोय. खुशाल उतरवा. माझे दिवस संपलेच आहेत. पण तुमच्या कॉलेजची प्रवेशाची शेवटची यादी सोमवारी लागायची आहे. तोवर रोज सकाळी तुम्हाला माझ्या समोरूनच जायचंय. एकदा गाडी थांबवा. काच खाली करा. माझ्या पाठीवर फराहने लिहिलंय ते मोठ्याने वाचा, जसं त्या दिवशी माझं तोंड वाचलं होतं, आणि उत्तर द्या.

मी कितवी पास?