आखाजीचा टप्पा

खुशालला मी पहिल्यांदा पाहिलं ते वलगावजवळ, पेढी नदीच्या कोरड्या पात्रात. भर दुपारी हा गडी रेतीतून अनवाणी पळत होता, पुढे ना मागे कोणी. मला वाटलं याचा बैल सुटला असेल. सायकल थांबवून विचारलं तर म्हणाला, "नाई जी, बैल घरीच हाये. असाच पयून राहिलो."

असाच! मी तेव्हा अमरावतीच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. वय चोवीस, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला कारण असतं अशी माझी पक्की समजूत. भातकुलीच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने विनाकारण पळावं याचा मला रागच आला. राग मला लवकर येतो. आजही येतो, फक्त आता कोणी घाबरत नाही.

हे एकोणीसशे अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यातलं. त्या रागातूनच ओळख वाढली आणि मी त्याला घड्याळ लावून पळवू लागलो. पुढच्या वर्षी आमच्या लहानशा व्यायाम मंडळाकडे मारवाडातून एक पत्र आलं. तिकडे वाळवंटात पाच दिवसांची शर्यत व्हायची होती. रोज एक टप्पा, वीस-पंचवीस मैलांचा, सगळा वाळूतून, आणि आपलं अन्न-अंथरूण आपल्याच पाठीवर. मंडळाला एकच माणूस पाठवता येणार होता. मी ते पत्र खिशात घालून तडक भातकुलीला गेलो आणि खुशालला वाळवंट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. झाड नाही, विहीर नाही, कुंपण नाही, रस्ता नाही.

"रस्ताच नाई?" त्याचे डोळे मोठे झाले. "मंग कोनीकडंबी पयता येते?"

त्या क्षणापासून त्याला मारवाडात जायचं होतं. अकोल्याच्या पलीकडे त्याने काही पाहिलं नव्हतं. त्याचा मोठा भाऊ जानराव शेत सांभाळायचा. त्याने साफ सांगितलं, "एक उन्हाळा देतो तुले. निवड झाली त जाय. नाई झाली त हे पयनं बंद, वावरात ये." खुशालने मान डोलावली. जानराव दिलेला शब्द फिरवणाऱ्यातला नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मग आमची तयारी सुरू झाली. आज आठवलं की हसू येतं. वाळवंटात पळायला काय लागतं हे सबंध वऱ्हाडात कोणाला माहीत असणार? मी पुस्तकं वाचायचो आणि प्रयोग खुशालवर करायचो. उंट आधीच पाणी पिऊन घेतो असं वाचलं, म्हणून एके दिवशी त्याला अर्धी घागर पाजली. पाव मैलावर त्याने ती सगळी एका बाभळीखाली परत केली आणि म्हणाला, "मास्तर, उंटाचं पोट मोठं असन."

त्याच्या आईने, रुख्मिणीबाईंनी, जुन्या सतरंजीची पाठीवरची पिशवी शिवून दिली. वजनासाठी आम्ही तिच्यात सरकी भरायचो. रोज शेरभर वाढवायची आणि नांगरलेल्या काळ्या वावरातून, ढेकळं तुडवत, दुपारी बारा ते दोन पळायचं. खिशात कांदा, डोक्याला ओलं उपरणं. घरी आला की सातूचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवून खायचा. मी बांधावरच्या निंबाखाली घड्याळ घेऊन बसायचो आणि तिथून ओरडायचो. सावलीत बसून उन्हातल्या माणसाला ओरडण्यात मी वाकबगार होतो.

पायांचा प्रश्न मोठा होता. मी त्याला कॅनव्हासचे बूट आणून दिले, पण उन्हात पाऊल फुगायचं आणि बोटं आत मावायची नाहीत. शेवटी आम्ही बुटांची पुढची टोकं कापून टाकली. एक नियम मात्र मी त्याला पाठ करायला लावला: टप्पा संपेपर्यंत बूट काढायचे नाहीत. एकदा पाऊल बाहेर आलं की परत आत जायचं नाही.

निवडीसाठी मंडळाने तीन दिवसांची चाचणी ठरवली, अमरावती ते अकोला. पहिला मुक्काम लोणी, दुसरा मूर्तिजापूर, तिसऱ्या दिवशी अकोला. साठेक मैल, वैशाखाचं ऊन, सुटायची वेळ रोज सकाळी दहा. तिन्ही दिवसांची वेळ मिळून ज्याची सर्वांत कमी तो मारवाडात जाणार. तारखा काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी भिक्षुकाच्या घरातला आणि घरात पंचांग. मी मधला दिवस अक्षय्य तृतीयेचा धरला. साडेतीन मुहूर्तांतला एक, आणखी काय पाहिजे? स्वतःवर फार खूश होतो मी.

खुशालला सांगितलं तर तो जरा थबकला. "मास्तर, त्या दिवशी आखाजी हाये."

"म्हणूनच तर!"

"तसं नाई. गावागावात पितर जेवतेत त्या दिवशी."

"जेवू देत की. आपल्याला त्यांच्याशी कुठे शर्यत लावायची आहे?"

तो हसला. आमच्या घरी त्या दिवशी मुहूर्त असे. त्याच्या घरी मेलेल्या माणसांचा दिवस असे. वर्षभर एकत्र राबूनही हे मला ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असंही वाटलं नाही.

पाच जण धावले. प्रत्येकाबरोबर सायकलवर एक साथीदार. पहिल्या दिवशी खुशाल लोणीला सगळ्यांच्या अकरा मिनिटं आधी पोचला. त्याच्या मागे शेंदूरजनाघाटचा शालिकराम, संत्र्याच्या बागेत वाढलेला, चिवट आणि भला गडी. त्या संध्याकाळी मी खुशालच्या पायांना एरंडेल चोळलं आणि त्याला मारवाडचा नकाशा काढून दाखवला. मी तर मनातल्या मनात त्याची ट्रंकही भरून टाकली.

दुसरा दिवस आखाजीचा. सात-आठ मैल झाले असतील. खुशाल पुढे, मी सायकलवर शेजारी, मागे रस्ता दूरवर रिकामा. एका खेड्याच्या तोंडाशी एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. पार्वताबाई तिचं नाव, हे मला नंतर कळलं. तिने खुशालकडे पाहून हात जोडले.

"बापा, माह्या घरी पितर जेवाले ये रे."

आखाजीला त्या गावांतून काय चालतं ते मला त्या रस्त्यावर समजलं. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने एका माणसाला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे, त्याला पोटभर वाढायचं. तो जेवला म्हणजे गेलेला जेवला. तोवर घरात कोणी घास घ्यायचा नाही. पार्वताबाईचा एकुलता मुलगा गेल्या पावसाळ्यात वीज पडून गेला होता आणि त्याची ही पहिलीच आखाजी होती. तिने आठ दिवस आधी नत्थुजी नावाच्या गावकऱ्याला सांगून ठेवलं होतं.

"मंग नत्थुजी कुठं हाये?" खुशालने विचारलं.

"मूर्तिजापूरले गेला. शर्यत पाहाले. सारा गावच गेला, बापा."

मी ओरडलो. "खुशाल, चल! आजी, मागून चार जण येत आहेत, त्यांना विचारा. याला जाऊ द्या!" ती माझ्याकडे न बघता खुशालकडेच बघत राहिली. खुशालने एकदा मूर्तिजापूरच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाला, "मास्तर, पितराले नाई कसं म्हनू?" आणि तिच्यामागे निघाला.

ओसरीवर नवी घागर भरून ठेवली होती, तिच्यावर एक आंबा. त्याला पाटावर बसवून म्हातारीने त्याचे बूट काढले. मी दारातून "बूट नको, बूट नको" म्हणत राहिलो, पण बूट घालून पितर जेवतो का कुठे? पायांवरचे फोड पाहून ती कळवळली. थंड पाण्याने हलक्या हाताने तिने पाय धुतले, तूप लावलं. मग पुरणपोळी, आमरस, कुरडई, वडे. खुशाल भराभर घास घेऊ लागला तशी ती वाकून म्हणाली, "सावकास जेव रे. तुले सदाचीच घाई."

हे ती खुशालला म्हणत नव्हती. त्यालाही ते समजलं असावं, कारण त्याचा हात मंदावला. त्यानंतर त्याने घाई केली नाही. ती वाढत गेली, तो जेवत गेला, आणि मी हातातल्या घड्याळाकडे बघत दारात उभा राहिलो. बाहेरून शालिकराम गेला. मग बाकीचे तिघे गेले. म्हातारीने मला पाणी पुढे केलं तर मी तोंड फिरवलं. त्याची लाज मला अजून वाटते.

चाळीस मिनिटं गेली. निघताना बूट चढेनात. फुगलेल्या पायांना चिंध्या बांधून, पोटात एवढं अन्न घेऊन, तो उरलेले मैल तापलेल्या रस्त्यावरून पळत आणि चालत आला. मूर्तिजापूरला तो पाचवा, शालिकरामपेक्षा पुरता एक तास मागे.  रात्री मी त्याच्या पायांना एरंडेल लावलं ते घुश्श्यातच.

तिसऱ्या दिवशी जे झालं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. अठ्ठावीस मैल, तसेच चिंध्या बांधलेले पाय, आणि हा माणूस सुटला. बोरगाव मंजूपर्यंत त्याने चौघांनाही मागे टाकलं होतं. अकोल्याला लोक टाळ्या वाजवत असताना तो येऊन जमिनीवर बसला आणि मी घड्याळ धरून शालिकरामची वाट पाहू लागलो. देवाला नको नको ते बोललो. शालिकराम आला तेव्हा हिशेब झाला. तिन्ही दिवस मिळून खुशाल सहा मिनिटांनी मागे पडला होता.

मग मात्र माझा बांध फुटला. सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो, "सहा मिनिटं! एक पोळी कमी खाल्ली असतीस तरी चाललं असतं!"

तो म्हणाला, "ते वाढून राहिली होती, मास्तर." एवढंच. मी त्याच्या शेजारी धुळीत बसलो आणि रडलो. त्यानेच माझ्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी आम्ही अकोला स्टेशनवर बडनेऱ्याच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. त्याने विचारलं, "मास्तर, तिकडं त्या मोठ्या रेतीत पयतानी पायाचा आवाज येते का हो?"

भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात ते नव्हतं. "मला माहीत नाही रे," मी म्हणालो. "शालिकराम आला की विचारू."

शालिकराम महिन्याभराने परत आला. चौथ्या टप्प्यावर उन्हाने पडला होता बिचारा, पण जिवाने सुखरूप होता. मंडळाने त्याचा सत्कार केला. गर्दी पांगल्यावर मी त्याला बाजूला घेऊन तेवढंच विचारलं. तो म्हणाला, "कोन जाने, मास्तर. मले त तहानेशिवाय काईच याद नाई."

दुसऱ्या दिवशी मी सायकल काढून भातकुलीला गेलो. खुशाल वावरात वखर हाकत होता. पाय बरे झाले होते. मला बघून त्याने बैल थांबवले.

"विचारलं का?"

"विचारलं," मी म्हणालो. "अजिबात आवाज येत नाही म्हणे. आपण पळतोय हे आपल्यालासुद्धा ऐकू येत नाही."

"मले वाटलंच होतं," तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. मग त्याने बैलांना हाक दिली आणि वखर पुढे गेलं.