तीनशे बारा दिवसांची साखळी

मी एक जुना टॅब आहे. माझ्या पडद्याच्या एका कोपऱ्याला तडा गेला आहे आणि सध्या माझा मुक्काम शिलाई मशीनच्या खणात, सुट्या बटणांच्या डब्याशेजारी आहे. मित्रांनो, तुम्हाला माझी कीव यावी म्हणून मी हे सांगत नाही. एका मुलीच्या हातातली संधी गेली आणि त्यात माझाही वाटा होता, ते मनात सलतं म्हणून सांगतो.

कारखान्यात माझ्यासारखेच हजारो जण रांगेने पुढे सरकत होते. त्यातल्या मला एका शिंप्याने आपल्या मुलीसाठी घरी आणलं. ती घरात सर्वांत लहान, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. परदेशातलं एक इस्पितळ तिला घ्यायला तयार होतं. अट एकच होती: वर्षाच्या आत तिथली भाषा तिला बोलता आली पाहिजे.

आधी ती शिकवणीला जात असे. तिथे तिचा उच्चार ऐकून मुली फिदीफिदी हसल्या, तेव्हापासून तिने त्या वर्गाला जाणंच सोडलं. मग तिने माझ्यात भाषा शिकवणारं अ‍ॅप घेतलं. खरं सांगतो, ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले होते. एकच शब्द ती वीस वेळा चुकली तरी मी वैतागत नसे. बस थांब्यावर, ड्यूटीच्या मधल्या सुटीत, कपडे वाळत घालताना, केव्हाही मी तयार असे. दोन महिन्यांत तिला चारशे शब्द ओळखता येऊ लागले. शेजारपाजारचे लोक माझं कौतुक करत आणि मीही फुशारून जात असे.

रोज एक धडा झाला की साखळीत एक कडी वाढे. एक दिवस चुकला की साखळी तुटे आणि आकडा शून्यावर येई. एकदा धाकटी सलग ड्यूटी करून आली आणि जेवतानाच पेंगू लागली. शिंप्याने मला हातात घेतलं. "तू पड जरा. आजचा धडा मी उरकतो," तो म्हणाला.

इथेच सगळं बिघडलं. लेकीची साखळी तुटू नये म्हणून तो बापडा रोज संध्याकाळी मशीन थांबवून माझ्यासमोर बसू लागला. चार पर्यायांतला एक दाबायचा, चुकला तर दुसरा. मी त्यालाही टाळ्या वाजवल्या. पडद्यावर कापडावर खुणा करायच्या खडूची भुकटी लागे, त्यावरून बोट कुणाचं ते मला कळत होतं. पण मला फक्त प्रश्न विचारता येतात आणि शाबासकी देता येते. 'ही शिकत नाहीये' असं म्हणायला मला कुणी शिकवलंच नव्हतं. धाकटी मला त्याच्या हातात देई आणि आकडा पाहून निश्चिंत होई. एवढे दिवस झाले म्हणजे भाषा येतच असणार, असं तिला वाटे.

त्या इस्पितळाची तोंडी परीक्षा माझ्याच पडद्यावर झाली. साखळीचा तीनशे बारावा दिवस होता. पलीकडे पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, चांगल्या हसऱ्या होत्या. त्यांनी सोपा प्रश्न विचारला: तुमच्या घरी कोण कोण असतं?

धाकटीची नजर माझ्या पडद्याच्या खालच्या कडेकडे गेली. रोज तिथे मी चार पर्याय देत असे. आज तिथे काहीच नव्हतं.

बाईंनी प्रश्न पुन्हा, सावकाश विचारला. मशीनजवळ बसलेल्या शिंप्याला तो कळला होता. हातातलं कापड त्याने घट्ट धरलं, ओठ हलवले, पण आवाज काढला नाही. धाकटीच्या तोंडून एक सुटा शब्द आला आणि अडकला. आठ मिनिटांत सगळं आटोपलं. तिची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. पुन्हा अर्ज करायचा तर दोन वर्षं थांबायचं होतं.

"माझ्यामुळे झालं हे," शिंपी म्हणाला.

"नाही बाबा. तुमच्या हातात टॅब मीच दिला ना."

संध्याकाळी ठरल्या वेळी मी वाजलो. आजचा धडा राहिलाय, अशी आठवण करून दिली. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. शिंप्याचं बोट सवयीने पुढे आलं आणि हवेतच थांबलं. दुसऱ्या दिवशी माझ्या पडद्यावर शून्य होतं.

पुढे मला खणात टाकलं गेलं आणि माझी बॅटरीही उतरत चालली. मग एके दुपारी मशीन थांबलं आणि शिंप्याने परक्या भाषेत, अडखळत, तोच प्रश्न लेकीला विचारला: घरी कोण कोण असतं?

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, ती उठून गेली. मग ती त्याच भाषेत हळूच म्हणाली, "वडील." आणि थोड्या वेळाने, "आणि मी."

हे दोन शब्द तिला माझ्याकडूनच मिळाले होते. पण ते बोलायला समोर माणूस लागलं, आणि ते वर्षभर तिच्या शेजारीच बसलं होतं.

मित्रांनो, माझे भाऊबंद तुमच्याही घरी असतील. त्यांच्याकडून शब्द जरूर घ्या. ते दमत नाहीत, हसतही नाहीत. पण ते टाळ्या वाजवतील तेव्हा त्यांना खाली ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी त्याच शब्दांत काहीतरी विचारा. आमच्या घरी हे सुचायला फार उशीर झाला.