नवव्या तासाची खूण

मी एक जुने पाणघड्याळ आहे, मित्रांनो. नाईलकाठच्या एका देवळासाठी मला पांढऱ्या दगडात कोरले. तळाशी बारीक भोक आणि आतून ठिपक्यांच्या बारा ओळी, दर महिन्याची एक. सूर्य मावळला की मला काठोकाठ भरत. पाणी ज्या ठिपक्याला उतरेल, तो रात्रीचा तास. हिवाळी रात्र लांब, म्हणून तिचे ठिपके दूर दूर. उन्हाळी रात्रीचे जवळ जवळ. देवाला उठवण्याची वेळ मी सांगत असे. माझे फार कौतुक होई.

पण आमचे वर्ष तीनशे पासष्ट दिवसांचे. उरलेला पाव दिवस कुणी धरलाच नाही. शेकडो वर्षांत महिने ऋतूंवरून घसरले आणि माझी हिवाळी ओळ भर उन्हाळ्यात आली; उजाडले तरी पाणी नवव्या-दहाव्या ठिपक्यावरच असे. देवाची न्याहारी उशिरा होऊ लागली. देव काही बोलला नाही.

मग परदेशातून बारा राशी आल्या आणि माणसे जन्मवेळ विचारू लागली.

पाशे विणकराचे घर देवळाला लागूनच होते. त्याच्या मुलीचे पहिले रडणे ऐकताच नेसमिन पुजाऱ्यांनी माझ्यात वाकून पाहिले. थोड्या वेळाने पाशे तिला घेऊन आला, मागोमाग तामीन सुईण.

"रात्रीचा नववा तास. कर्क रास उगवत होती," नेसमिन म्हणाले. "ही घरात राहिली, तर बाप वर्ष काढणार नाही."

"रात्रीचा?" तामीन हसली. "अहो महाराज, नाळ कापताना ऊन माझ्या डोळ्यांत येत होतं! तुमच्या देवळात उजाडायचं राहिलंय का?"

नेसमिन माझ्याकडे बघत राहिले. माझी चूक त्यांना कळली होती, मी ते त्यांच्या चेहऱ्यावर पाहिले. पण गावातल्या साऱ्या पत्रिका त्यांनी माझ्यावरूनच मांडल्या होत्या.

"तामीनबाई, दगडावरच्या खुणा देवाच्या आहेत," ते म्हणाले. "डोळे तुमचे."

"महाराज, नक्की ना?" पाशेने विचारले.

"नक्की."

दुपारच्या होडीने मुलगी दक्षिणेला गेली, एका निपुत्रिक कुंभारणीच्या ओटीत.

पाशे म्हातारा झाला, दात पडले, तरी मेला नाही. दर वर्षी देवळाच्या दारात येऊन विचारी, "आता आणू का तिला?" नेसमिन गेल्यावर त्यांच्या मुलाने उत्तर दिले, "बाबा, नववा तास म्हणजे नववा तास."

आज मला तडा गेला आहे. भोक गाळाने बुजले आहे आणि माझ्यातले पाणी कोंबड्या पितात. मित्रांनो, मला घासूनपुसून पुन्हा देवळात नेऊ नका. हे भोक तेवढे बुजलेलेच राहू द्या.