लिफ्टचे रबरी चाक आणि कडूबाचे तेल

मी एक जुने रबरी चाक आहे, मित्रांनो. नवीन जालन्यातल्या एका चार मजली दवाखान्याच्या लिफ्टला मी आणि माझी भावंडे बसवलेली आहोत. लिफ्टच्या दोन्ही अंगांना उभे लोखंडी रूळ असतात. स्प्रिंगच्या जोरावर आम्ही त्यांना घट्ट टेकून धावतो. रुळाचा सांधा आला की त्याचा हिसका आपल्या पोटात घ्यायचा आणि आतल्या माणसाला कळूही द्यायचा नाही, हे आमचे काम.

१९९४ साली लिफ्ट सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांनी आत पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवून पाहिला. लिफ्ट भरकन वर गेली, पण थेंबही सांडला नाही. जो तो लिफ्टचे कौतुक करू लागला. माझे नाव कुणी घेतले नाही, तरी मी हरखून गेले.

पुढे लिफ्ट चालवायला टेंभुर्णीचा कडूबा आला. त्याने लिफ्टला फार जीव लावला. खंडेनवमीला तो तिच्या टपावर चढला, झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिले आणि बैलगाडीच्या आखाला घालतात तसे आम्हाला आणि रुळांना भरपूर तेल चोपडले.

"सालभर राबून राह्यलीस माय, आज तुझा सण," तो म्हणाला.

मला रडू कोसळले. रबराला तेल म्हणजे विषच, मित्रांनो. लिफ्ट बसवणाऱ्यांनी रूळ कोरडे ठेवायला बजावले होते, पण तेव्हा कडूबा नोकरीला नव्हता आणि नंतर त्याला कुणी सांगितले नाही.

मी फुगले, मऊ पडले, माझे तुकडे निघाले. लिफ्ट खडखडू लागली. खडखड वाढली की कडूबा आणखी तेल घाली. ती खडखड म्हणजे माझी हाक होती, हे त्याला कोण सांगणार?

एके दिवशी धावड्याच्या गोपिकाबाईंना आणले. मांडीचे हाड मोडलेले, ऑपरेशन चौथ्या मजल्यावर. अरुंद जिन्यात स्ट्रेचर वळत नव्हते. लिफ्ट हलली आणि रुळाच्या पहिल्याच सांध्याच्या हिसक्याने त्या किंचाळल्या.

"आबाराव, थांबव रे! हाड आत घुसून राह्यलं!"

"माय, जरा दम धर. वर गेलं की बरं वाटंल," मुलगा म्हणाला.

"न्हाई! मला घरी ने. मी मरंन, पण ह्याच्यात बसणार न्हाई!"

मी सगळा जीव एकवटून रुळाला टेकले. पण मी अर्धेही उरले नव्हते. डॉक्टरांनी खूप समजावले, आबाराव पाया पडला, पण गोपिकाबाईंनी ऐकले नाही. शेवटी त्यांना तसेच घरी नेले.

परवा आबाराव दवाखान्यात ठेवलेल्या एका नातेवाइकाला भेटायला आला होता.

"माय कशी हाय?" कडूबाने विचारले.

"बाजंवरच असती. उभं राहता येत न्हाई. ह्या लिफ्टीला भेली अन् पायानं गेली."



मित्रांनो, यंत्राला जीव लावा, पण त्याला काय चालते ते आधी जाणत्याला विचारा. माझ्या जागी नवे चाक बसवा, रूळ पुसून कोरडे करा, एवढेच माझे मागणे. आत्ता कडूबा टपावर चढतो आहे. त्याचे डोळे भरून आले आहेत, आणि हातात तेलाचा मोठा डबा आहे.