बरा झालेला एक

चाळीस वर्षं इस्पितळात राबून सिस्टर निवृत्त झाल्या आणि त्यांनी नको ते मनावर घेतलं. डॉक्टरांनी हात टेकून घरी धाडलेल्या माणसांना शेवटचे दिवस सुखाने काढता येतील असं घर उभारायचं. गल्लीने बंद पडलेला छापखाना झाडूनपुसून दिला. खाटा त्यांच्या दिराने केल्या. दीर सुतार, पोटातल्या गाठीने असा वाळला होता की रंधा मारताना रंधाच त्याला ओढत नेई.

"वहिनी, खिडकीजवळची माझी," तो म्हणाला. "इस्पितळाच्या नळ्यांत नाही मरायचं मला."

अडलं परवान्यापाशी. त्याशिवाय दुखणं थांबवणारं औषध मिळेना. अर्ज इतक्या टेबलांवरून फिरला की झिजून त्याचे कोपरे गोल झाले. बाराव्या खेपेला कारकुनाने बोट ठेवलं. "रकाना नऊ. वर्षाला किती रुग्ण बरे होणार? तुम्ही शून्य लिहिलंय."

"इथे बरं व्हायला कोणी येणार नाही."

"मग दवाखान्याला परवाना कसा द्यायचा?"

"दवाखाना नाही हो तो."

"तर दवाखान्याचा अर्ज का भरलात?"

"दुसरा अर्ज आहे तुमच्याकडे?"

"नाही ना."

सिस्टरांनी कपाळाला हात लावला, शून्य खोडून एक लिहिला. कारकून खुलला. "त्या एकाला तपासणीला हजर ठेवा."

घरी दिराने तोंडातले खिळे काढले. "मला धरा बरा. पॉलिश मारलं की जुनं लाकूडही खपतं."

"भावजी, उभं राहवत नाही तुम्हाला."

"मरायचं तेवढं थांबवतो."

आठ दिवसांवरची तपासणी अडीच महिने लांबली. प्रत्येक नव्या तारखेला सिस्टर कचेरीत जाऊन भांडत आणि हात हलवत परत येत. दीर दातओठ खाऊन कळा सोसत होता. डॉक्टर दोनदा म्हणाले, आता उद्यावर आलंय. दोन्ही वेळा तेच तोंडघशी पडले. मरण दाराशी आलं तेव्हा दिराने त्याच्याच हाती बिजागरी धरायला दिली, असं गल्ली अजून सांगते.

तपासणीचे साहेब आले तेव्हा दीर स्टुलावर चढून खिडकीची कडी बसवत होता.

"बरा झालेला कोण?"

"मी. काही शंका?"

"छान. जपा तब्येतीला." शिक्का बसला.

दुसऱ्या दिवशी औषध आलं. दीर खिडकीजवळ आडवा झाला, आवळलेल्या मुठी सुटल्या.

"वहिनी, खाट कुरकुरते का?"

"नाही."

"मग झालं."

तिसऱ्या दिवशी तो गेला. आठवड्याने कचेरीचं पत्र आलं: बरा झालेला रुग्ण दरवर्षी तपासणीस हजर ठेवावा. सिस्टरांनी ते चुरगाळलं, मग नाइलाजाने मांडीवर सरळ केलं.

खिडकीजवळच्या खाटेवर आता एक म्हातारा बस ड्रायव्हर होता. "माझं नाव द्या," तो म्हणाला.

"डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगितलेत तुम्हाला."

"सिस्टर, इथे तारीख पाळतं कोण?"